पुढे ढकललेला रविवार

गल्लीच्या वार्षिक संमेलनाचं वेळापत्रक फोरमन नेहमी शेवटाकडून लिहायला घ्यायचे. छापखान्यातून आणलेल्या मोठ्या कोऱ्या कागदाच्या तळाशी पहिली ओळ पडायची ती 'खुर्च्या मोजून परत' ही. मग तिच्यावर 'भांडी घासून परत', त्यावर जेवण, त्यावर मुलांच्या शर्यती, असं करत करत ते वर चढायचे आणि अगदी माथ्यावर 'पहिली बैठक' यायची. नव्या माणसाला हा प्रकार चक्रमपणाचा वाटे. पण फोरमनचं म्हणणं असं, की जे हलणार नाही ते आधी लिहा, बाकीचं त्याच्यामागे आपोआप रांगेत उभं राहतं. छापखाना सुटून त्यांना नऊ वर्षं झाली होती, तरी गल्लीत त्यांना दुसऱ्या नावाने कोणी हाक मारत नव्हतं, आणि त्यांनी आखलेलं संमेलन कधी दहा मिनिटंही उशिरा सुरू झालं नव्हतं.

यंदा मात्र लेखणी सुनेच्या हातात होती. ती मोठ्या इस्पितळात नर्स, वॉर्डातल्या सगळ्यांच्या ड्यूट्या तीच लावायची, त्यामुळे तारखांची ओढाताण तिला नवी नव्हती. गल्ली तिला सिस्टर म्हणायची. घरात फोरमनही थट्टेने तेच म्हणत. 'सिस्टर, पोटाचं काहीतरी बघा हो,' असं दोन-तीन महिने गमतीत चाललं होतं, आणि मग एक दिवस ते जेवता जेवता ताटावरून उठले आणि भिंतीला टेकून उभे राहिले, तेव्हा गंमत संपली.

रिपोर्ट तिनेच आधी वाचला. तिला डॉक्टरांनी समजावून सांगायची गरज नव्हती. तिच्या नवऱ्याला मात्र होती. डॉक्टरांनी त्याला बाहेर नेऊन सांगितलं, कॅन्सर आहे, यकृतापर्यंत गेला आहे, फार तर दोन महिने. नवरा वीज कंपनीत लाइनमन होता. भर वादळात खांबावर चढणारा तो गडी, पण बापाच्या खाटेसमोर जाऊन उभं राहायचं त्याचं धाडस होईना. मग स्वयंपाकघरात तिघांची कुजबुज झाली आणि सासूबाईंनी निकाल दिला. यांना सांगायचं नाही. आतड्याला सूज आहे म्हणायचं, औषधाने उतरेल म्हणायचं.

सिस्टरने विरोध केला. माणसाचं आयुष्य आहे, त्याला कळायला हवं, असं ती म्हणाली. सासूबाई म्हणाल्या, चाळीस वर्षं संसार मी केलाय, ते कसे आहेत ते तू मला सांगू नकोस, ऐकल्याबरोबर खचतील. वर स्वतःची शपथ घातली. त्यांचं नवऱ्यावर प्रेम नव्हतं असं त्यांचा वैरीही म्हणणार नाही. प्रेम होतं म्हणूनच त्यांनी ते खोटं इतकं पक्कं केलं, की त्यातून वाराही जाऊ नये.

आणि या घराला ही सवय काही आजची नव्हती. फोरमनना एक धाकटा भाऊ होता, मालवाहू जहाजावर स्वयंपाकी. अकरा वर्षांपूर्वी त्यांची आई आजारी पडली तेव्हा तो समुद्रावर होता. तीन महिने म्हातारी अंथरुणाला खिळून होती आणि रोज त्याचं नाव घेत होती. फोरमननी त्याला कळवलं नाही. भर समुद्रात त्याच्या जिवाला घोर कशाला, इथे येऊन तरी तो काय करणार, असा त्यांचा हिशेब. भाऊ सुट्टीवर आला तेव्हा आई जाऊन महिना झाला होता. 'एकाएकी गेली रे,' फोरमननी त्याला दारातच सांगितलं. शेजारच्या एका बाईने त्याच दिवशी सांत्वन करता करता सगळं बोलून टाकलं. भावाने आईसाठी आणलेली लोकरीची शाल पिशवीतून काढलीसुद्धा नाही. पिशवी उचलली आणि चालता झाला. तेव्हापासून दोघांत एक शब्द नाही. अर्ध्या दिवसाच्या बसच्या अंतरावर भावाचं घर, पण हा त्याच्या दारात जायचा नाही आणि तो याच्या.

असं हे घर. त्या घरात बसून सिस्टरने संमेलनाचा आराखडा केला, आणि तीन आठवड्यांनंतरचा रविवार धरला. इतका जवळचा रविवार गल्लीच्या इतिहासात कोणी धरला नव्हता. तिच्या मनात काय होतं ते उघड आहे. फोरमन पायांवर उभे असताना, चार घास खाता येत असताना, गल्लीतून गेलेली जुनी माणसं त्यांना भेटून जावीत, एवढंच तिला हवं होतं. कागद तिने खाटेसमोरच्या भिंतीवर चिकटवला. फोरमन बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, फार आवळलंयस, कुठे श्वास घ्यायलाही जागा नाही.

दुसऱ्या दिवशी टेलर आले. ते समितीचे अध्यक्ष, म्हणजे हार घालून घ्यायचं काम त्यांचं आणि बाकी सगळं फोरमनचं. जुन्या रहिवाशांना फोन करण्याची यादी त्यांच्याकडे होती. त्यांनी धाकट्या भावालाही फोन लावला होता, कोणाला न विचारता. त्याने विचारलं म्हणे, मला बोलावलंय हे त्याला माहीत आहे का? टेलर म्हणाले, सगळं ठरवतो तोच, त्याला माहीत नसेल कसं. ही थाप होती, पण टेलरच्या आयुष्यातली सगळ्यात उपयोगी थाप. भाऊ म्हणाला, मी शनिवारी बोटीवर जातोय, सहा आठवड्यांनी परत येईन. त्यानंतर असलं, तर येतो.

फोरमन खाटेवर उठून बसले. पोटाला हात लावायचं विसरले. त्यांनी टेलरना पुन्हा सांगायला लावलं, नेमकं काय म्हणाला, कुठल्या आवाजात म्हणाला. टेलर कपडे शिवण्यात पटाईत, आवाज सांगण्यात नाही, तरी त्यांनी जमेल तसं सांगितलं. टेलर गेल्यावर फोरमननी सुनेला हाक मारली आणि तो कागद काढायला सांगितला. संमेलन सातव्या आठवड्यातल्या रविवारी.

"बाबा, इतकं लांब कशाला? सगळं जमून आलंय."

"जमून आलेलं पुन्हा जमेल. तो यायचा म्हणतोय." मग म्हणाले, "त्याच्या घरी गेलो तर बोलावं लागेल गं. संमेलनाच्या गर्दीत कसं, समोर आला की खुर्ची पुढे करेन, बस म्हणेन. तेवढ्यात सगळं होऊन जातं."

तिने मांडववाल्याचं नाव पुढे केलं, शाळेच्या मैदानाचं केलं, उन्हाचं केलं. फोरमन एकेक ऐकत गेले आणि शेवटी शांतपणे म्हणाले, "या सगळ्यात न हलणारं काय आहे, ते मला दाखव."

न हलणारी एकच गोष्ट होती आणि ती तिला शपथ घालून गिळायला लावली होती. तिने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. सासूबाई हात पुसत तिथे उभ्या होत्या. त्यांनी मान हलवली, नाही म्हणून. सिस्टरने नवा कागद घेतला आणि तळाशी नव्या तारखेला 'खुर्च्या मोजून परत' असं लिहिलं.

सकाळी ड्यूटीवर जाताना तिने नवऱ्याला रस्त्यात धरलं. काका शनिवारपर्यंत घरी आहेत, आजच्या आज बाबांना सांगू, ते स्वतःच ठरवतील, असं ती म्हणाली. नवऱ्याने बोटं मोजली. सात आठवडे ना? डॉक्टर दोन महिने म्हणालेत, बसतं की त्यात. तिने सांगितलं की डॉक्टर 'फार तर' म्हणतात तेव्हा त्यातलं बरंचसं धीर द्यायला असतं, मी रोज बघते. त्याचे डोळे भरून आले. आईला विचार, एवढंच तो म्हणाला आणि बस आली. तिला त्याचा संताप आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा आला, पण शनिवार उगवला आणि मावळला. भाऊ बोटीवर गेला.

पुढचे चार आठवडे फोरमन सुखात होते, हे सांगताना जीभ अडखळते, पण ते होते. भिंतीवरच्या कागदावर रोज काहीतरी पुरं होत होतं आणि ते सुनेकडून त्यावर खूण करून घेत. मांडववाल्याला त्यांनी खाटेवरूनच दोनदा फैलावर घेतलं. खुर्च्यांच्या रांगा कशा लावायच्या याचं चित्र काढलं. भावाला तिसऱ्या रांगेत कडेची जागा, कारण त्याचे पाय लांब, लहानपणी एका अंथरुणात झोपताना लाथा खाव्या लागत ते यांनाच माहीत. 'अजून तसाच लांबडा असेल का गं?' असं सुनेला विचारायचे, जणू तिने त्याला पाहिलं होतं. तिचं लग्न भांडणानंतरचं. तिने काकांना कधीच पाहिलं नव्हतं.

पाचव्या आठवड्यात त्यांचं अन्न तुटलं. समितीची माणसं बघायला आली. टेलर म्हणाले, काही म्हणा, चेहऱ्यावर तेज आलंय. ते तेज काविळीचं होतं, पण सासूबाईंनी लगेच हो ला हो केलं आणि सगळे चहा पिऊन गेले. सिस्टरने रजा टाकली. तिने घरी आणलेलं औषध कुठल्या दुखण्यावर देतात हे बाटलीवर लिहिलेलं नव्हतं, पण फोरमननी आयुष्यभर बारीक अक्षरं तपासली होती, त्यांनी बाटली उजेडाकडे धरली, औषधाचं नाव वाचलं आणि पुन्हा खाली ठेवली. बोलले काहीच नाहीत.

बोलले ते पुढच्या मंगळवारी. सासूबाई बाजारात गेल्या होत्या. दुपार होती, खिडकीतून मांडववाल्याच्या टेम्पोतून बांबू उतरवल्याचा आवाज येत होता.

"सिस्टर, पहिला कागद टाकलास का?"

तिने नाही म्हटलं. तो दुसऱ्याच्या मागेच होता.

"त्यात तू घाई केली होतीस. तू घाई करणारी नाहीस. मला तेव्हाच विचारायला हवं होतं." ते दमले. तिने पाणी दिलं, त्यांनी ओठ ओले केले. "डॉक्टर किती म्हणाला होता?"

सासूबाईंची शपथ तिच्या डोक्यात होती. ती म्हणाली, "दोन महिने. फार तर."

"आणि कळलं कधी?"

"पहिला कागद लिहायच्या आधी."

ते भिंतीकडे बघत राहिले. आधी त्यांना कळलंच नाही असं वाटलं. मग त्यांचा हात हलला. ते कागदावर खालून वर, मागे मागे, आठवडे मोजत होते, आणि जिथे थांबले तिथे भाऊ अजून घरी होता.

"मग मी संमेलनाची वाट कशाला बघितली असती?" ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "त्याच दिवशी बस धरली असती. त्याच्या दारात जाऊन बसलो असतो. नाही उघडलं तर पायरीवर बसलो असतो. चालत होतो गं मी तेव्हा."

ती रडायला लागली. त्यांनी तिला गप्प केलं नाही, तेवढी ताकद नव्हती. ते म्हणाले, मी त्याच्याशी हेच केलं होतं, आता माझ्याशी झालं, यात रडायचं काय. मग त्यांनी तिचं मनगट धरलं. ती पकड इतकी हलकी होती की तिला त्याचीच भीती वाटली.

"तो आला आणि मी नसलो, तर त्याला एकाएकी गेला म्हणून सांगू नका. विचारेल ते खरं सांगा. बाकी माझं काही मागणं नाही."

संध्याकाळी त्यांनी सुनेला फोन लावायला लावले. संमेलन गुरुवारी घेता येईल का, असं त्यांना विचारायचं होतं. भाऊ येणार नव्हता, ते त्यांना ठाऊक होतं, पण निदान बाकीची माणसं तरी. टेलरशी ते स्वतः बोलले. मी रविवारपर्यंत राहत नाही, असं स्वच्छ सांगितलं. टेलर म्हणाले, असं अभद्र बोलू नये, शंभरी गाठाल तुम्ही. मांडववाला म्हणाला, काका, पुढच्या वर्षीचं कामसुद्धा तुमच्याकडूनच घेणार आहे मी. मैदानाची किल्ली ज्यांच्याकडे होती त्या मुख्याध्यापक बाईंनी तर फोनवरच डोळे पुसले आणि म्हणाल्या, धीर सोडू नका. सगळ्यांनी त्यांची समजूत घातली, आणि एकानेही तारीख दिली नाही. जहाज कंपनीच्या कचेरीत सिस्टरने निरोप ठेवला. तिथल्या माणसाने तो उतरवून घेतला आणि म्हणाला, बोट शुक्रवारी बंदराला लागेल, तेव्हा पोचवू.

फोरमन गुरुवारी पहाटे गेले. शेवटचे दोन दिवस वाईट होते आणि औषध पुरं पडलं नाही.

समितीची बैठक त्याच संध्याकाळी, घराबाहेरच उभ्या उभ्या झाली. बांबू पडले होते, जेवणाचं सामान भरलं होतं, लांबून माणसं निघाली होती. कोणीतरी म्हणालं, फोरमनना रद्द केलेलं आवडलं नसतं. मग ठरलं, संमेलन त्याच रविवारी, त्याच वेळी, फक्त श्रद्धांजलीचं. शर्यती काढल्या, गाणी काढली. बाकी वेळापत्रकात काही बदलावं लागलं नाही. इतकं नीट आखलंय माणसाने, असं टेलर दोन-तीनदा म्हणाले. सिस्टर तिथे होती. तिला त्यांच्या तोंडावर दार आपटावंसं वाटलं.

शुक्रवारी बंदरातून काकांचा फोन आला. कंपनीचा निरोप त्यांना मिळालाच नव्हता, ते रविवारी किती वाजता पोचावं एवढंच विचारत होते. फोन नवऱ्याने घेतला. 'बाबा गेले काका, काल. एकाएकी झालं हो,' असं तो म्हणाला. सासूबाई शेजारी बसून मान डोलावत होत्या. सिस्टरने फोनसाठी हात पुढे केला तोवर पलीकडून बंद झाला होता. ती नवऱ्याला म्हणाली, बाबांनी काय सांगितलं होतं ते मी तुला सांगितलं होतं. तो म्हणाला, आत्ता कशाला, इतक्या लांबून येतायत, आल्यावर बघू.

रविवारी सकाळी बस स्थानकावर आणायला तीच गेली. ओळखायला त्रास पडला नाही. बसच्या दारातून वाकून उतरणारा उंच माणूस, फोरमनचंच नाक, फोरमनचीच मान एका बाजूला टाकायची लकब, फक्त अंगाने उभा आणि धडधाकट. तिने वाकून नमस्कार केला. त्यांनी पिशवी खांद्यावरून काढून बाकावर ठेवली.

"तू त्याची सून."

"हो काका."

"पुतण्या म्हणाला, एकाएकी गेला." ते तिच्याकडे बघत नव्हते, बसच्या चाकाकडे बघत होते. "आमच्या घरात सगळे एकाएकीच जातात. खरं काय?"

तिला पुढचं सगळं दिसत होतं. हो, एकाएकीच, म्हटलं तर हे चार पावलं तिच्याबरोबर चालतील, मांडवात येतील, वहिनीच्या हातचं पाणी पितील. पण फोरमननी मनगट धरून मागितलेलं तिने मोडलं असतं तर तिला ते घर पुन्हा आपलं वाटलं नसतं. तिने सांगितलं. काय आजार होता, किती दिवस होता, शेवट कसा झाला. काका ऐकत होते.

"तुम्हा लोकांना कळलं कधी?"

"तुम्ही बोटीवर जायच्या आधी."

"मी घरी होतो तेव्हा."

"हो. बाबांना आम्ही सांगितलं नव्हतं. त्यांना या मंगळवारी कळलं. ते म्हणाले, आधी कळलं असतं तर त्याच दिवशी तुमच्या दारात येऊन बसलो असतो."

काका बाकावर बसले. बसमधून उतरलेली माणसं पांगली, सफाईवाल्याने त्यांच्या पायांजवळून झाडू मारला तसे त्यांनी पाय वर घेतले.

"त्या आठवड्यात मी घराला रंग देत होतो," ते म्हणाले. "वास जावा म्हणून दार दिवसभर उघडंच ठेवलं होतं."

तिने हळूच म्हटलं, चला काका, सगळे थांबलेत, आई वाट बघतायत. त्यांनी पिशवी उचलली, पण गल्लीच्या दिशेने नाही.

"तू खरं सांगितलंस, तुझ्यावर राग नाही. परतीची गाडी किती वाजता आहे?"

तिने मिनतवाऱ्या केल्या. त्यांनी ऐकून घेतल्या आणि तिकिटाच्या खिडकीशी जाऊन उभे राहिले. ती बस सुटेपर्यंत थांबली. ते खिडकीशी बसले होते आणि त्यांनी बाहेर बघितलं नाही.

ती मैदानावर पोचली तेव्हा माणसं बसत होती. दहाला दोन मिनिटं कमी होती आणि टेलर माईक ठोकून बघत होते. सासूबाई मांडवाच्या तोंडाशीच उभ्या होत्या. त्यांनी तिच्या मागे रस्त्याकडे पाहिलं.

"भावजी कुठायत?"

"आले होते. परत गेले."

"परत का?"

"त्यांनी विचारलं, मी खरं ते सांगितलं."

"आजच्या दिवस गप्प बसायला काय झालं होतं तुला?" त्या म्हणाल्या, आणि पदर सारखा करून पुढच्या रांगेत जाऊन बसल्या.